कोरडी तपासलेली मोटार

सुमन तिच्या मोटारीचं तपासणीचं कार्ड घेऊन आली तेव्हा मी दुसरी मोटार खोलून बसले होते. तिनं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. सही माझीच होती.

आमची सहकारी संस्था तेलगावला होती. जुन्या पाणबुडी मोटारी घ्यायच्या, आतल्या तारेचं वाइंडिंग नवं भरायचं, तपासून विकायच्या. तपासणी माझ्याकडे. मी चौथी शिकलेली. काम नवऱ्याकडून शिकले. माझ्या कार्डाशिवाय मोटार दाराबाहेर जात नसे. त्याची मला घमेंड होती.

तपासणी अशी. मोटार चोवीस तास हौदात बुडवून ठेवायची, मग मेगर लावायचा. मेगर म्हणजे हँडल फिरवायचं यंत्र. करंट तारेच्या आवरणातून बाहेर झिरपतो का, ते त्याचा काटा दाखवतो. आवरणाला बारीक चीर असली तर कोरड्या मोटारीत कळत नाही. पाणी आत शिरलं की कळतं.

त्या वर्षी दुष्काळ होता. हौदातलं पाणी मीच गल्लीतल्या जनावरांना दिलं. त्याचं मला काही वाटत नाही. पण नंतर मोटारी मी कोरड्याच तपासल्या आणि कार्डावर 'पाण्यात ठेवून तपासली' याच्यापुढे खूण करत राहिले. लोक दारात ताटकळत होते, प्रत्येकाला मोटार आजच पाहिजे होती. तरी खूण कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुमन सिरसाळ्याकडची. तिचा नवरा विहिरीत लोखंडी पाइप धरून उभा होता. त्यानं हाक दिली, हिनं वर स्टार्टर दाबला आणि पाइपात करंट उतरला. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं वळेनात. घरचे हिलाच धरून बसले होते, की तूच घाई केलीस.

संस्थेचे चेअरमन बाहेर आले. अर्थिंग केलं होतं का, म्हणून विचारलं. अर्थिंग म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी तार. ती नव्हती. मग मोटारीला कशाला नावं ठेवता, म्हणाले.

सुमननं त्यांच्याकडे बघितलंच नाही. "मावशी, मोटार पाण्यात ठेवलती का? तुमी सांगा. मी घरी तसं सांगते."

"ठेवलती," मी म्हणाले.

तिनं कार्डाची घडी घातली. "मग माझंच चुकलं," म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी सुमनचीच मोटार दुरुस्तीला आली. टँकरचं पाणी ड्रममध्ये भरून मी ती बुडवली. दुसऱ्या दिवशी मेगर फिरवला तर काटा शून्यावर, म्हणजे आवरण फाटलेलं, करंट सगळा बाहेर.

चेअरमन म्हणाले, "बोलू नका बाई, संस्थेला टाळं लागंल." मी आणखी आठ दिवस बोलले नाही. त्यात चेअरमनचा दोष नाही. मलाही बोलायचं नव्हतं.

शेवटी एसटीनं सुमनच्या घरी गेले. ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं. सासू म्हणाली, "आमी हिला जेवतानासुद्दा बोललो."

सुमन धान्य निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तुमाला इचारलं व्हतं, मावशी."

मला चहा कुणी विचारला नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

कोरड्या तपासलेल्या सगळ्या मोटारी मी परत मागवल्या. त्यातल्या आणखी दोन गळत होत्या. संस्थेला टाळं लागलं नाही.

हौदात पाणी नसेल तर मोटार विकू नये. विकलीच, तर कार्ड कोरं द्यावं.