भाऊजींनी विमानं पाडली किती?

पोरी, जवळ सरक अन् ऐक. गेल्या खेपेला सौंसरला आलीस अन् माझ्या दिरांना न भेटताच नागपूरची बस धरलीस. असं करतात का? तुझ्या वयाचे होते तेव्हा ते आभाळात लढत होते. साऱ्या मुलखात एवढा शूर माणूस नाही, अन् एवढा गोंधळात पाडणाराही नाही.

लढाऊ विमान चालवायचे. आता ऐंशी गाठली, पण सवयी त्याच. सायकल काढायची तर आधी तिच्याभोवती एक फेरी, मग चाकं दाबणार, हँडल इकडे-तिकडे वळवणार अन् स्वतःलाच मोठ्यानं सांगणार, "ब्रेक ठीक, घंटी ठीक." जायचं कुठं, तर कोपऱ्यावर दूध आणायला! मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले, की नेमके सूर्य पाठीशी ठेवून येणार. माझे डोळे दिपतात, मी दचकते. वर म्हणतात, "वहिनी, तुम्ही तर गेल्या असत्या!" कुठं गेले असते, देव जाणे. जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाच्या रांगेतही मान वळवून सारखे मागे बघतात. मागची बाई एकदा चिडलीच, "काय पाहून राहिले हो बाबा?"

हे सारं मी निभावलं, पण त्या आकड्यानं माझी मती गुंग केली. विमानं पाडली किती, असं विचारलं तर सकाळी म्हणणार पाच अन् संध्याकाळी म्हणणार चार. गावात कुजबुज सुरू झाली, "म्हातारा फेकून राहिला." ते माझ्या काळजाला लागायचं.

त्यात शाळेनं सत्कार ठेवला. फाटकावर लावायला पाटीही रंगवली, 'पाच विमानं पाडणारा आपला वीर'. गुरुजी भाषणात पाच म्हणाले मात्र, भाऊजी उठले, माईक ओढला, म्हणाले, "चार." अन् बसले. पोरं खिदळली, गुरुजी पाटीकडे बघतात, मी पदरात तोंड लपवलं.

परतताना रस्त्यातच भांडले. "भाऊजी, एकदाचं सांगून टाका न! लोक हसून राहिले."

"पाच पाडली."

"मग चार कसे म्हटले?"

"पॅराशूटच्या छत्र्या चारच दिसल्या, वहिनी." संत्र्याच्या बागेपाशी ते थांबले. "पाडलं की मी वळून पाहायचो, आतला माणूस छत्रीनं सुटला का. चौघं सुटले. पाचव्या वेळी ढग आडवा आला. पाच म्हटलं, की त्याला मी मारलं असं कबूल होते. रोज नाही होत हिंमत."

मी म्हटलं, "उघडली असेल न ढगात!"

"असेल."

पाटी अजून शाळेतच भिंतीला टेकून आहे. गुरुजी आकडा विचारायला येतात, भाऊजी चहा पाजून परत पाठवतात. हल्ली मलाच विचारतात, "वहिनी, उघडली असेल न?" मी रोज हो म्हणते. पण मी जन्मात विमानात बसले नाही, माझ्या एकटीचं हो कितीसं पुरणार? तू लवकर येऊन जा, पोरी. तूही एकदा हो म्हण.