आईचा डावा डोळा

आमच्या घरी किस्से रुमालांसारखे साठतात. उशीखाली सापडतात, पर्समध्ये सापडतात, एखादा फ्रिजवरही! सगळ्यांचं कारण एकच: आईचा डावा डोळा. तो सतत वाहायचा. दुःख नाही, कांदा नाही, काही नाही. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी बंद झाली होती, एवढंच. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे शेजारी उभी राहून सगळं बघितलं आहे.

*

आई इथे दिल्लीत सरकारी ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बसते. स्वभावाने कडक. नियमात नसेल तर नाही म्हणजे नाही. पण 'नाही' म्हणताना डोळा गळायचा! एका रिटायर्ड अंकलचा अर्ज तिने नामंजूर केला, तर तेच तिची समजूत घालू लागले, "मॅडम, आप दिल पर मत लीजिए."

पुढच्या आठवड्यात ते मित्रांना घेऊन आले. "काम नहीं करतीं, पर रोती साथ में हैं!"

*

एकदा मेट्रोत आई-बाबा शेजारी शेजारी उभे होते. एका आंटीने आईला सीट दिली, पाणी दिलं आणि बाबांकडे बघत मोठ्याने विचारलं, "मायके में कौन-कौन है, बेटा?"

बाबा घाईघाईने म्हणाले, "जी, इनकी आँख की नली बंद है."

"सब यही कहते हैं!"

अख्खा डबा बाबांकडे रोखून बघत होता. बाबा आमच्या द्वारका स्टेशनच्या आधीच उतरले आणि रिक्षाने घरी आले.

*

मग ताईचं लग्न ठरलं. साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत आई रडत होती. पेढा भरवताना, अंगठी बघताना, जेवतानासुद्धा! अल्बम बघून ताईच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला, "विहीणबाई, स्पष्ट सांगा. मुलगा पसंत नाही का?"

ताईने तोंडच पाडलं. आईने फोन ठेवला आणि जाहीर केलं, "ऑपरेशन करून घेते. पाठवणीला माझ्या डोळ्यातून टिपूस निघणार नाही. हसत पाठवीन!"

"बघू," बाबा म्हणाले.

*

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला नाकाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ऑपरेशन दुर्बिणीने, नाकातून होणार होतं! आईला ते पटेना. शेजारच्या भल्ला अंकलना मात्र लगेच पटलं. "दिल्ली में असली काम पीछे के दरवाज़े से ही होता है, भाभीजी!"

ऑपरेशननंतर डॉक्टर खूश होते. "इतना चौड़ा रास्ता बना दिया है, समझिए एक्सप्रेसवे! अब जितना मर्ज़ी रोइए, सब अंदर ही अंदर निकल जाएगा."

"और राइट वाली?" बाबांनी विचारलं.

"वो पुरानी गली है. रोज़ का काम चल जाता है उससे."

*

नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची, असं सांगितलं होतं. तेही दिल्लीच्या धुरात! पहिल्याच शिंकेला सोसायटीच्या गार्डचा इंटरकॉम आला, "मैडम, सब ठीक है? गेट तक आवाज़ आई है."

*

लग्नात फोटोग्राफर साखरपुड्याचाच होता, विकीभैया. पाठवणीच्या वेळी त्याने सगळ्या पाहुण्यांना आईच्या डाव्या हाताला गोळा केलं. "आंटी का रोना लेफ्ट से ही आता है. मुझे पता है!"

ताईने आईच्या गळ्यात हात टाकले. सगळे श्वास रोखून बघत होते. आई हसत होती. डावा डोळा कोरडा ठणठणीत!

विकीभैया वैतागला. "आंटी, एक आँसू तो दे दो यार!"

"राहू द्या हो!" सासूबाई खुलल्या. "बघा, विहीणबाई किती खूश आहेत!"

बाबा म्हणाले, "जिंकलीस बुवा!"

आईच्या उजव्या बाजूला मी एकटीच उभी होते. मी हळूच रुमाल पुढे केला.