सोलायची सुरी

जाईबाई रणपिसेंना कुणी "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हटलं की त्या लगेच सावध होत. येरवड्याच्या एका हॉस्पिटलात त्यांनी तीस वर्षं आयाचं काम केलं, आणि तीस वर्षं त्यांना सगळीकडे पाणी मुरताना दिसलं. दूधवाला हसला की दुधात काहीतरी आहे. डॉक्टर गोड बोलला की पेशंटचं काही खरं नाही. आता खोटं कशाला सांगा, बऱ्याचदा त्यांचंच खरं निघायचं, म्हणून ही सवय सुटायची सोडून अंगात भिनली. नवरा शांताराम पोस्टात होता, साधासरळ माणूस. तो म्हणायचा, "जाई, तू चुकून आया झालीस, तू सीआयडीत जायला हवं होतंस." तो गेला तेव्हाही त्यांनी दोन डॉक्टरांना वर्षभर माफ केलं नव्हतं.

अशी ही बाई दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मेलबर्नला, पॉइंट कुकला, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आली आणि अडकली. विमानं बंद झाली. मुलगा सुजित विमानांचाच इंजिनिअर, एअरपोर्टवर दुरुस्तीच्या कामाला. विमानं जमिनीवर उभी राहिली तसा तोही घरी बसला. कंपनीने काढलं नव्हतं, पण बोलावतही नव्हती. सून प्रतीक्षा नर्स, तिची शिफ्टवर शिफ्ट. नात मानसी दार लावून ऑनलाइन शाळा करायची आणि काही विचारलं की "आज्जी, आय ॲम इन क्लास" म्हणायची. उरल्या जाईबाई, आणि उरला त्यांचा संशय. त्याला खायला घालायला या घरात एक गॅरेज होतं.

गाडी जुलैच्या थंडीत बाहेर ड्राइव्हवेवर, आणि गॅरेजला कुलूप. इथेच पहिली पाल चुकचुकली. आतून घासल्याचे, ठोकल्याचे आवाज. दाराशी खोकी येऊन पडायची. सुजित ती उचलून थेट आत न्यायचा. एकदा बोटाला पट्टी दिसली. विचारलं तर म्हणे, कांदा कापताना लागलं. या घरात कांदा गेले पाच महिने जाईबाई कापत होत्या.

आधी वाटलं, हातभट्टी लावली. मग वाटलं, नोकरी खरं तर गेलीय आणि पोरगा लपवतोय. सुनेला खोदून विचारलं, तर ती डबा भरता भरता म्हणाली, "आई, करू द्या त्याला. त्याचं डोकं शांत राहतं."

"काय करू द्या?"

"त्यालाच विचारा ना."

म्हणजे सूनही सामील. जाईबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग एका दुपारी गॅरेजच्या दाराखालून वास आला, आणि त्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. हॉस्पिटलात तीस वर्षं काढलेल्या नाकाला फिनेल कळतं, पू कळतो, रक्त कळतं. हा वास तिथला नव्हता. हा त्याहून जुना होता. ओल्या कातड्याचा.

जाईबाईंचा जन्म फलटणकडच्या एका खेड्यातला. गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं आणि सोलायचं, हे काम त्यांच्या बापाकडे होतं. कुणी त्याला विचारलं नव्हतं करतोस का. त्याच्या बापाने केलं म्हणून त्याने करायचं. जाईबाई आठ वर्षांच्या असताना त्याने धम्मदीक्षा घेतली, सोलायची सुरी नदीत फेकली आणि गावाला सांगितलं, यापुढे तुमची ढोरं तुम्ही ओढा. गावाने पाणी तोडलं, जळण तोडलं. तो बायकापोरं घेऊन पुण्याला आला आणि खडकीच्या डेपोत हमाली करत मेला. जाईबाईंनी सुजितला आजोबांची गोष्ट सांगितली ती खडकीपासून पुढची. मागचं एक अक्षर सांगितलं नाही. त्या पोराला यातलं काही ठाऊक नाही, ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यभर जिवापाड जपली होती.

आणि आता त्याच्याच घरात हा वास.

सुजित किराणा आणायला गेला होता. तेव्हा घरटी एकानेच जायचा नियम होता. गॅरेजची चावी कुठे असते हे जाईबाईंना केव्हाच कळलं होतं, वापरली नव्हती इतकंच. त्यांनी दार उघडलं. आत टेबलावर शिंगाचे तुकडे, जुन्या कानशी, एक घासायचं मशीन. बादलीत कातडं भिजत घातलेलं. आणि भिंतीवर सुऱ्या. एक उतरवून त्यांनी हातात घेतली. रुंद पातं, पोटाला गोल, टोकाला जरा वर वळलेलं. भाजी चिरायची ही सुरी नव्हे. कशाची आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"आई, तू आत कशी?" सुजित पिशव्या घेऊन दारात, मास्क एका कानाला लोंबतोय.

"दारातून. हे काय चाललंय?"

सुजितने पिशव्या खाली ठेवल्या आणि चोरी पकडल्यासारखा हसला. मग बोलायला लागला तो थांबेना. म्हणे, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे कॅनडात कातड्यांचा मोठा व्यापार चालायचा. बीव्हर म्हणून एक प्राणी, त्याच्या केसाळ कातड्यासाठी माणसं महिनोन्‌महिने जंगलात फिरायची. त्यांच्याकडे असल्या सुऱ्या असत. साधं पोलाद, शिंगाची नाहीतर लाकडाची मूठ, कातडी म्यान. "मी तशाच करतो, सगळं हाताने, जुन्या कानशींपासून. ऑनलाइन जातात. इथले लोक हरणाच्या शिकारीला नेतात गं."

"आणि ही?"

"हिला स्किनर म्हणतात. म्हणजे..."

"सोलायची."

"तुला कसं कळलं?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. जाईबाईंनी ते गिळलं. "हॉस्पिटलात होते मी. कापायच्या वस्तू कळतात मला. सोलतं कोण यांनी?"

"ज्याने हरिण मारलं तो. स्वतः."

"गोरा माणूस? आपल्या हाताने?"

"छंद असतो त्यांचा. अभिमानाने फोटो टाकतात."

जाईबाई स्टुलावर बसल्या. त्यांना भयंकर राग आला. ज्या कामापायी त्यांच्या बापाला गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्या कामाचे इथे फोटो निघतात. पण हा राग सुजितला दाखवायचा कसा? मग त्यांनी दुसरं धरलं.

"रोज सकाळी माझ्याबरोबर पंचशील म्हणतोस ना रे? प्राणिहत्या करणार नाही म्हणतोस आणि इकडे हे?"

"म्हणून तर लपवलं. तू यावरूनच बोलणार हे माहीत होतं." सुजितने त्यांच्या हातातून सुरी काढून घेतली. "मी मारत नाही कुणाला, आई. तीन महिने हात रिकामे होते, वेड लागायची पाळी आली होती. हे करायला लागलो तेव्हा मला झोप लागायला लागली."

त्याला थांबवायचं तर खरं सांगायला हवं. आणि खरं सांगितलं की जे जपायचं तेच गेलं. जाईबाईंच्या तोंडाला कुलूप बसलं. पण डोकं थोडंच बसतं. आता तिथे नवाच किडा वळवळायला लागला. याला ठाऊक तर नसेल? शांतारामने मरण्याआधी कानात काही घातलं नसेल ना? हजार छंद पडलेत जगात. माणसं पाव भाजतायत, झाडं लावतायत, यालाच नेमकं कातडं कसं सुचलं?

त्यांनी सापळे लावायला सुरुवात केली. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारायचं, "तुझे आजोबा काय करायचे, आठवतंय का?"

"खडकीच्या डेपोत हमाल होते ना?"

उत्तर बरोबर. पण जरा जास्तच पटकन आलं, असं त्यांना वाटायचं. मग त्या गॅरेजात जाऊन त्याच्या हाताकडे बघत बसायच्या. कातडं कापताना तो अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवायचा. त्यांचा बाप अगदी असाच टेकवायचा.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"यूट्यूबने."

यूट्यूबवर जाईबाईंचा विश्वास नव्हताच. आपल्या पोराला लपून न्याहाळायचं, त्याच्या साध्या बोलण्यात गाठी शोधायच्या, याची त्यांना लाज वाटायची. तरी त्या बघत राहिल्या. हिवाळा असाच गेला.

नोव्हेंबरात निर्बंध सैल झाले आणि एका सकाळी विनीता आली. दोन घरं सोडून राहायची, पुण्याची, कोथरूडची. बाई तशी चांगली. लॉकडाउनमध्ये दाराशी भाजणी ठेवून गेली होती. पण पहिल्या भेटीतच तिने विचारलं होतं, "रणपिसे म्हणजे मूळचे कुठले, काकू?" आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा कुठला प्रश्न असतो, हे जाईबाईंना येरवड्यात पाठ झालं होतं. तेव्हापासून त्या विनीताशी हसून बोलायच्या आणि एक पाऊल मागे राहायच्या.

विनीताच्या नवऱ्याचा, हेमचंद्रचा, साहेब रिटायर होत होता. तो शिकारीला जायचा, म्हणून त्याला भेट द्यायला सुरी हवी होती. जाईबाई गॅरेजच्या तोंडाशी उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. सुजितने म्यानातली सुरी आणली आणि मूठ विनीताकडे करून पुढे धरली.

विनीता मागे सरली. "हातात नको रे. खाली ठेव, मी उचलते."

सुरी, कात्री कुणाच्या हातात दिली की भांडण होतं, हे मराठी घरातलं शेंबडं पोरही सांगेल. शिवाय करोना होता, दीड मीटर अंतर होतं. सुजितने हसत सुरी विटांच्या कठड्यावर ठेवली. जाईबाईंना मात्र पाटलाचं अंगण दिसलं. बाप कातडं पोचवायला जायचा, तेव्हा पाटलीण त्याच्या वाट्याचं धान्य जमिनीवर ठेवायची आणि अशीच मागे सरायची. मग तो उचलायचा. ही विनीता नेमकी कशामुळे सरली? तोंडावर मास्क, डोळ्यांवर गॉगल. काही म्हणजे काही वाचता येईना.

विनीताने सुरी उचलून म्यानावरून बोट फिरवलं. "काय शिवलंयस रे. हे असं शिकून येत नाही हं, हातात पिढीजात असावं लागतं. तुमच्याकडे कुणी करायचं का हे काम, काकू?"

जाईबाई काही बोलायच्या आधी सुजितच हसला, चांगला मान मागे टाकून, खळखळून.

"छे गं. आमच्या सात पिढ्यांत कुणी कातड्याला हात लावला नसेल. आम्ही म्हणजे पोस्ट, हॉस्पिटल आणि सरकारी क्वार्टर."

म्हणजे याला खरंच काही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ज्याची राखण केली ते जागच्या जागी, धडधाकट होतं. जाईबाईंना हायसं वाटायला हवं होतं. पण ते "कुणी नसेल" त्यांच्या काळजात रुतलं. बापाने सुरी फेकली, गाव सोडलं, पाठ मोडेस्तोवर ओझी वाहिली. आणि त्याचा नातू हसत सांगतोय की असा कुणी झालाच नाही. हे त्याला सांगायला शिकवलं कोणी? त्यांनीच.

"माझ्या बापाने लावला होता," जाईबाई म्हणाल्या.

सुजित हसतच वळला. "काय?"

"गावची मेलेली ढोरं सोलायचा माझा बाप. ती गोल पोटाची सुरी करतोस ना, तसल्याच सुरीने. दीक्षा घेतली तेव्हा नदीत फेकली त्याने. तिथून आपण पुण्याला आलो." त्या थांबल्या नाहीत. "पिढीजातच आहे, विनीता. तू बरोबर ओळखलंस."

"अहो काकू, मी आपलं सहज विचारलं."

"मीही सहजच सांगतेय."

"सुरी खरंच सुंदर झालीय," असं विनीता सुजितला म्हणाली आणि ती छातीशी धरून गेली. ती भरभर गेली की नेहमीसारखी गेली, हे जाईबाईंनी पाहिलं नाही. त्या मुलाकडे बघत होत्या.

सुजित त्यांच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बेचाळीस वर्षांचा झालो मी, आई. आजपर्यंत का नाही सांगितलंस? मी मूर्खासारखा तिच्यासमोर हसलो."

"हसलास ना?"

"हो, मग?"

"मला असं कुणी विचारलं की माझं रक्त गोठतं. अजून गोठतं. तुला हसता यावं म्हणून नाही सांगितलं रे."

समोरून कुणी कुत्रं फिरवत गेलं, "मॉर्निंग, मेट" म्हणालं. सुजितने नुसता हात वर केला. त्याची नजर त्या विटांच्या कठड्यावर गेली. मग हळूच, फक्त आईलाच ऐकू जाईल अशा बेताने त्याने विचारलं, आणि असला प्रश्न त्याने उभ्या जन्मात कधी विचारला नव्हता.

"आई, विनीताने सुरी खाली का ठेवायला लावली गं?"