आवाज दबून येतोय

आमच्या साडूंच्या घरात आजवर एकही वस्तू आपणहून बिघडलेली नाही. तिला तेवढी उसंतच मिळत नाही. त्याआधीच साडूंनी ती उघडलेली असते. मिक्सर, इस्त्री, कूलर, पाण्याची मोटर, भिंतीवरचं घड्याळ, शेजारणीचं शिलाई मशीन, सगळ्यांच्या पोटात त्यांचे हात जाऊन आलेत. आणि ते हात जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा तेव्हा टॉर्च धरून मी उभा होतो. माझं लग्न ठरलं तेव्हा माझी भाबडी समजूत अशी की मला बायको मिळतेय. खरं म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला टॉर्च धरायला माणूस मिळत होता. ते राहतात पडेगावला, मी पुंडलिकनगरला, म्हणजे गावाच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला न्यायचा. रविवारी सकाळी पहिला चहा ओठाला लागायच्या आत फोन येणार, "पाव्हणं, मोकळे हायेत का?" मोकळा नाही असं म्हणायला मी कितीतरी वर्षं शिकतोय. अजून जमलेलं नाही.

साडू होते भूगोलाचे मास्तर. पैठण तालुक्यातल्या पोरांच्या दोन पिढ्यांना त्यांनी नद्या पाठ करून घेतल्या आणि निवृत्त झाल्यावर वर्गात पोरं उरली नाहीत म्हणून मला बसवलं. कुठलंही यंत्र उघडलं की त्यांच्या डोळ्यांपुढे नकाशा येतो. "ही लाल वायर बघा, ही गोदावरी. इथून निघाली, अशी खाली आली. ह्या बारक्या सगळ्या उपनद्या. हा फ्यूजचा डब्बा म्हंजे नाथसागर, इथं पाणी अडतं आणि मग वाटप होतं. आता सांगा, पूर्णा कुठं मिळती?" मी अंदाजाने बोट दाखवतो. "ती काळी हाय. ती आर्थिंग! बसा खाली," असं म्हणून ते मला नापास करतात, मी आधीच उकिडवा बसलेला असतो, त्याहून खाली जायला जागा नसते. वर टॉर्च जरा हलला तर, "पाव्हणं, उजेड कामावर पाडा. स्क्रू माझ्या डोळ्यात नाय पडलेला." इतक्या वर्षांत त्यांनी मला टॉर्च नीट धरला म्हणून कधी म्हटलेलं नाही. काम संपल्यावर काही स्क्रू हमखास उरतात. त्याबद्दल त्यांना खंत नसते. "कंपनीवाल्यांचं असंच असतंय. एकानं भागतं तिथं तीन ठोकून ठेवतेत," असं म्हणून ते उरलेले स्क्रू लोणच्याच्या एका बरणीत टाकतात. त्या घरात बरण्या आता लोणच्याला कमी पडतात.

पण हे सगळं सोसावं असं एक त्यांच्याकडे होतं, आणि ते म्हणजे कान. त्यांच्याजवळ एक लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस आहे. त्याचं टोक चालू यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि यंत्राच्या आतलं ऐकायचं. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. गल्लीतले लोक स्कूटर ढकलत त्यांच्या फाटकाशी आणायचे आणि हे दोन मिनिटं ऐकून सांगायचे, "चेन सैल हाय," किंवा, "काय झालेलं नाय, तू गाडी रागानं चालवतोस." पैठणला आमच्या नात्यातल्या एका लग्नात हे अक्षता हातात घेऊन मांडवाच्या मागे गेले. तिथं जनरेटर धडधडत होता. पेचकस खिशातच होता. लग्नाच्या कपड्यांतही तो असतो, त्यासाठी ताईंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीनं, सदऱ्याला लांब खिसा शिवून दिलाय. ऐकून आले आणि जनरेटरवाल्याला म्हणाले, "बेअरिंग जायलंय बघ. मंगलाष्टकं काय पुरी होत नाय." तो हसला. तिसऱ्या मंगलाष्टकाला मांडवात गुडूप अंधार झाला. नवरीच्या बापानं कपाळावर हात मारून घेतला, आणि साडू मात्र अक्षता टाकायच्या विसरून असे उभे होते की लग्न जणू त्यांचंच लागलं. मी टॉर्च लावला. दुसरं काय करणार?

तर या साडूंची एक जुनी पांढरी गाडी आहे. जुनी म्हणजे तिच्यातल्या रेडिओला फोन नावाची वस्तू ठाऊकच नाही. दर वर्षी सीताफळांच्या दिवसांत आम्ही चौघं, म्हणजे दोघी बहिणी आणि आम्ही दोघे साडू, त्या गाडीतून दौलताबादच्या रस्त्याला जातो. रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बायका बसलेल्या असतात, तिथं गाडी लावायची, तिथंच फळं फोडून खायची, बिया कोण किती लांब उडवतो ते बघायचं आणि येताना जुनी गाणी म्हणत यायचं. एवढाच आमचा वर्षाचा सण. यंदा साडूंनी ठरवलं की गाणी आपण म्हणायची नाहीत, फोनवरची गाडीत वाजवायची. त्यासाठी त्यांनी घरबसल्या एक अडॅप्टर मागवला. काडेपेटीएवढा डबा, त्याला शेपटीसारखी वायर. रेडिओ बाहेर ओढायचा, त्याच्या पाठीला ही वायर खुपसायची, सगळं परत बसवायचं, की फोनमधलं गाणं गाडीत. दुकानदार अर्ध्या तासात लावून देतो. पण दुकानदाराकडे जायचं म्हटलं की साडू म्हणतात, "काहून? आपल्याला हात दिलेत ना देवानं?" देवानं त्यांना दोन दिले आणि उरलेले दोन माझे.

पहिल्याच रविवारी, डॅशबोर्डच्या पट्टीचे दोन कान मोडून, माझ्या गुडघ्यांचे हाल करून, अडॅप्टर बसला. मी फोनवर एक जुनं गाणं लावलं. खणखणीत वाजलं! मी टॉर्च बंद केला, उठलो, पँट झटकली. साडू स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "आवाज दबून येतोय."

"दबून?"

"कोंडल्यावानी. वायर कुठंतरी ढिली हाय. उघडू पुन्हा."

मी आवाज वाढवला. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकी लावून घेतली. साडू म्हणाले, "हां, आता जरा बरं. पण दबूनच." त्या दुपारी ताईंनी मला ताट वाढता वाढता स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं आणि सरळ सांगितलं, "गाडीला काय झालेलं नाय. कान गेलेत यांचे. दाराची बेल वाजून वाजून माणसं माघारी जातेत, कुकर शिट्ट्या मारून करपतो, यांना पत्ता नाय. परवा इथंच रोडवर मागून ट्रकवाला हॉर्न मारमारून थकला आणि हे आपले मधूनच चाललेत! मी डोळे मिटून घेतले. आता कान दाखवल्याबिगर मी काय त्या गाडीत बसत नसते. सीताफळं गेली उडत." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही सांगा त्यांना. मी सांगितलं की म्हणतेत, तूच हळू बोलायलीस."

झालं! साडूंचं म्हणणं, गाणं नीट लागल्याशिवाय दौलताबाद नाही. ताईंचं म्हणणं, कान दाखवल्याशिवाय दौलताबाद नाही. आणि मधे मी, हातात टॉर्च. आयुष्यात त्या माणसानं कशाचा ताठा केला असेल तर या कानाचा. तो कान गेला हे त्याच्या तोंडावर कोणी सांगायचं? आणि नाही सांगावं तर एखाद दिवशी ट्रकवाला थकायच्या ऐवजी पुढे यायचा. दर रविवारी पुंडलिकनगरहून निघताना मी वाक्यं जुळवत जायचो, सिग्नलला तोंडानं म्हणून बघायचो, शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघायचा. आणि पडेगावला पोचलो की साडू फाटकातच म्हणायचे, "आलात? धरा."

एकदा चहा पिताना मी सुरुवात केलीच. म्हटलं, "साडूभाऊ, वय झालं की काही गोष्टी पहिल्यासारख्या राहत नाहीत. त्यात कमीपणा नाही."

ते गंभीर झाले. मला वाटलं, पोचलं. बशी खाली ठेवून म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. जुनीच झालीय गाडी. स्पीकरच बदलून टाकू." स्पीकर बदलले. दारं उघडली, दारांच्या पोटातून वायरी ओढल्या, मी मांजरा, मन्याड, सिंदफणा सगळ्या नद्या ओलांडल्या. आवाज दबूनच. मग अडॅप्टरच खोटा निघाला असं ठरून आम्ही शहरात गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं दुसरा लावून दाखवला, आवाज पार वर नेला आणि म्हणाला, "चाचा, और कित्ता होना तुमकू? अब काच तडकते!" साडू म्हणाले, "दब के आ रहा है भौ." दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी छताला टांगलेले हॉर्न बघत बसलो. त्याला जे दिसलं ते मला दिसलेलं नाही असं दाखवताना माझ्या जिवावर आलं होतं.

सीताफळांचे दिवस सरत आले. त्या रविवारी माझ्यात काही उरलं नव्हतं. गाडी फाटकासमोर उभी, रेडिओ वायरींना लोंबतोय, सीटवर स्क्रू पसरलेले. मी गाणं लावलं आणि आवाज शेवटपर्यंत नेला. समोरच्या बाईची खिडकी लागली. ताई कानावर हात ठेवून ओट्यावर आल्या. साडू आत बसून मान हलवत होते, "नाय. अजून दबूनच." ताईंनी माझ्याकडे बघितलं. जुळवलेली सगळी वाक्यं मी विसरलो होतो. माझे फक्त गुडघे दुखत होते. मी म्हटलं, "साडूभाऊ, पेचकस लावून बघा ना."

त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. भलत्याच वेळी एखाद्या ढ पोराचं उत्तर बरोबर यावं तसं. मग खिशातून पेचकस काढला, टोक दारातल्या स्पीकरच्या जाळीवर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

त्यांचा चेहरा बदलला. हाडातून गाणं नीट पोचत असावं. अख्खं कडवं त्यांनी ऐकलं. ओठ हलत होते, शब्द बरोबर येत होते. मग त्यांनी मूठ कानापासून दूर केली. थांबले. पुन्हा लावली. पुन्हा दूर केली. गाणं तर तेच होतं, तेवढंच मोठं, गल्लीभर वाजणारं. मी टॉर्च घट्ट धरून उभा होतो, भर उन्हात, चालू. गाणं संपलं तरी ते तसेच बसून राहिले. फार वाईट वाटलं हो मला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "वायरिंगमधी काय दोष नाय."

"नाही," मी म्हटलं.

"पहिल्या रविवारीच लागलं होतं."

"व्हय."

ते पुढे वाकले. रेडिओ उचलला, खाचेत बसवला, एकेक स्क्रू घेऊन पिळत गेले. त्या दिवशी एकही स्क्रू उरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरणी उघडली नाही. शेवटचा स्क्रू लागल्यावर हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कानाचा डॉक्टर आत बघायला काय वापरतो? टॉर्चच असंल ना? तुम्ही चला संगं. उजेड नीट पाडता तुम्ही." ओट्यावरून ताई घाईनं आत गेल्या. चहा ठेवायला गेल्या असं मी समजून चाललो.

डॉक्टरनं यंत्र दिलं. बोटाच्या पेराएवढं, कानामागे बसणारं. साडूंनी ते अजून उघडलेलं नाही, हे आमच्या घराण्यातलं मोठं नवल आहे. हंगामाची शेवटची सीताफळं आम्ही खाऊन आलो. ताई पुढच्या सीटवर बसल्या. मागून ट्रकचा हॉर्न आला तेव्हा साडूंनी गाडी बाजूला घेतली आणि ताईंना म्हणाले, "ऐकला बरं का!" गाणी हळू आवाजात वाजत होती. पण येताना त्यांनीच ती बंद केली आणि म्हणाले, आपणच म्हणू. त्या यंत्रातून म्हणे सगळं ऐकू येतं, पण ओळखीचं काही वाटत नाही. गाणारा कुणी दुसराच वाटतो.

परवाच्या रविवारी पुन्हा फोन आला. "मोकळे हायेत का?" शेजारच्यांची पाण्याची मोटर घरघरत होती. मी सवयीनं टॉर्चसाठी हात पुढे केला, तर त्यांनी माझ्या हातात पेचकस दिला. "मूठ टेकवली की हे कानाचं मशीन शिट्ट्या मारतं, काढून ठेवलं की तुमच्या ताई बोंबलतेत. तुम्ही ऐका. मी धरतो." मी टोक मोटरला टेकवलं, मूठ कानामागे लावली. मला नुसती घरघर ऐकू आली. खरं सांगतो, दुसरं काही नाही. साडू समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, निकाल लागायच्या दिवशी पोरं बघतात तसे.

"काय म्हणती?" त्यांनी विचारलं.

"बेअरिंग असावं, साडूभाऊ."

"वाटलंच मला," ते खूश होऊन म्हणाले. "अजून जरा ऐका. नीट ऐका."

टॉर्च सरळ माझ्या डोळ्यांत येत होता. मी डोळे मिटले. ऐकत राहिलो.