बैलाचे खांदे, बाईचे पाय

"नुकसान तर काही होत नाही ना," हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की माझं डोकं सणकतं. बायका म्हणतात, पुरुष म्हणतात, शिकलेले जरा जास्तच म्हणतात. हळद आहे, लिंबू आहे, स्वयंपाकघरातून काय विष निघणार आहे का! मी अमरावतीच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. चुन्याच्या निवळीपासून लिंबाच्या रसापर्यंत सगळं पोरांसमोर टेबलावर मांडून शिकवलं. पण हे एक वाक्य मला कुणाच्या डोक्यातून काढता आलं नाही, आणि ज्या घरातून ते सगळ्यात आधी काढायला हवं होतं, ते माझ्या सख्ख्या बहिणीचं घर होतं.

आधीच सांगून टाकते, नाहीतर मला कुणी फिनाईलवाल्यांची वकील समजायचं. माझ्या घरी रेशमी साड्या रिठ्याच्या पाण्यातच निघतात. तांब्याचे गडवे चिंचेनं घासले जातात. हिवाळ्यात चांदूर बाजारकडची संत्री आली की मी साली फेकत नाही. गूळ आणि पाणी घालून बरणीत भरते, रोज झाकण सैल करते, नाहीतर बरणी फुटते, आणि तीन महिन्यांनी त्या पाण्यानं फरशी पुसते. टाचांच्या भेगांना मेण आणि खोबरेल तेल कढवून लावते. त्यामुळे माझं भांडण कृतींशी नाही. कोणती गोष्ट कशावर चालते आणि कशावर चालत नाही, एवढं विचारायचीसुद्धा ज्यांची तयारी नसते, त्यांच्याशी आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. ती अकोल्याला असते. भाऊजी तिथे वकिली करायचे. काळा कोट खुंटीला टांगल्यावर त्यांना रिकामपण खायला उठलं, आणि त्यांनी घरातल्या सगळ्या 'केमिकल'वर खटला भरला. बाथरूममधल्या बाटल्या गेल्या, कपड्यांची पावडर गेली, बाईच्या पायाला लावायची मलमाची ट्यूबसुद्धा गेली. फोनवर त्यांनी एक ग्रुप काढला. रविवारी गच्चीवर लोक जमायचे, आणि भाऊजी खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढून दाखवायचे.

"पाहा, कशी घाण उकळून वर येऊन राहिली," ते म्हणायचे.

मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं की भाऊजी, ही घाण नाही, हा नुसता वायू आहे. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे मिठासारखं पाणी उरतं. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. भाऊजी हसले.

"मास्तरीणबाई, तुमचं सायन्स फळ्यावर राहू द्या. इथं फरशी निंघून राहिली ना?"

फरशी निघत होती, कारण बाई ती गुडघ्यावर बसून घासत होती. हे कुणी म्हटलं नाही. फेस दाखवणाऱ्याला टाळ्या आणि घासणाऱ्याला ओली चिंधी, ही आपल्याकडची जुनीच वाटणी आहे. पण तेवढ्यावर मी इतकी चिडले नसते. माझा जीव अडकला होता तो बाईच्या पायांत.

बाईला बऱ्याच वर्षांपासून साखरेचा आजार. पाय हळूहळू बधिर होत गेले. एकदा बाजारात तिच्या एका पायातली चप्पल गळून पडली आणि ती तशीच एका चपलेनं भाजीवाल्यापर्यंत चालत गेली. लोक हसले, तीही हसली. मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं: घरातही चप्पल घाला, रोज तळवे आरशात पाहा, गरम पाण्यात पाय बुडवू नका, आधी दुसऱ्या कुणाला तरी पाणी पाहू द्या. घरी आल्यावर यातलं काय टिकलं? देवघर असलेल्या घरात चप्पल काहून घालायची, म्हणून चप्पल दाराबाहेर. आरसा भिंतीवर. आणि रोज संध्याकाळी बादलीत कडुनिंबाचा पाला, तुरटी आणि सैंधव घातलेलं ऊन पाणी. भाऊजींच्या मते बधिरपणा रक्त साकळल्यामुळे येतो, आणि शेकलं की रक्त मोकळं होतं. त्यावरून आमची फोनवर चांगली जुंपायची. बाई मध्येच फोन घ्यायची.

"जाऊ दे वं. ते माह्यासाठीच करून राहिले ना?"

हेही खरंच होतं. भाऊजींना बायकोची काळजी नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही. काळजी नसती तर बरं झालं असतं, असं मात्र म्हणते.

मग पोळा आला. भाऊजींचं मूळ गाव चांदूर बाजारच्या बाजूला आहे. शेत ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या खंडानं, दिलेलं आहे, पण पोळ्याला सगळं घराणं गावी जमतं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांदा सुजतो, सोलतो, घट्टे पडतात. त्यावर तूप आणि हळद गरम करून पळसाच्या पानानं शेक द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाचं ऋण मान्य करायची ही पद्धत आहे. माणसानं वर्षातून एकदा तरी कुणाचं ऋण मान्य करावं, यात मला काही वावगं दिसत नाही.

त्या वर्षी ठोकेदाराच्या जोडीचे खांदे शेकून झाले. भांड्यात तूप-हळद उरली होती. भाऊजींना भरून आलं. बाईला त्यांनी ओसरीवर खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसले, तिचा पाय मांडीवर घेतला. "तूनंबी आयुष्यभर ओढलं," ते म्हणाले, आणि पळसाचं पान बुडवून तळव्यावर दाबलं. सगळं अंगण गोळा झालं. त्यांच्या पुतणीनं फोन काढला. व्हिडिओत ते सगळं दिसतं: पिवळा झालेला पाय, भाऊजींचे वाकलेले खांदे, बाईचा ओला, लाजलेला चेहरा.

"गरम नाही लागून राहिलं ना?" भाऊजी विचारतात.

"नाही जी. चांगलं वाटते," बाई म्हणते.

"पाहा, शुद्ध तुपाचा शेक कधी पोळत नाही," भाऊजी फोनकडे बघून सांगतात, आणि पान पुन्हा भांड्यात बुडवतात.

मी अमरावतीला माझ्या घरी होते. व्हिडिओ माझ्या फोनवर आला तेव्हा त्याखाली फुलं आणि जोडलेले हात यांचा सडा पडला होता. मी तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. बैलाला चटका बसला तर तो कातडी थरथरवतो, पाय आपटतो, आणि शेकणारा हात मागे घेतो. जनावराजवळ तेवढी सोय असते. माझ्या बहिणीजवळ ती उरली नव्हती. पाय पोळत होता आणि ती चांगलं वाटतं म्हणत होती, कारण तिला खरोखरच चांगलं वाटत होतं: आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्यानं तिचा पाय मांडीवर घेतला होता.

मी लगेच फोन लावला. "बाई, तळवा पाह्य. आत्ता पाह्य."

ती म्हणाली थोडा लाल आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली एक फोड आहे, बारका. मी म्हटलं डॉक्टरकडे जा. म्हणाली, गेले होते, पट्टी केली, बसला फोड. ती गेली नव्हती. भाऊजींनी कोरफडीचा गर लावला होता, मग मध, मग कडुनिंबाचं पाणी, मग ग्रुपवर कुणीतरी सुचवलेली आणखी कसलीशी भुकटी. नवरा जगाला सांगतो की तुपाचा शेक पोळत नाही, आणि बायको त्याच पायाला पट्टी बांधून दवाखान्यात बसते, हे तिला कसं तरी वाटलं. त्यांचं नाव जाईल म्हणून ती गप्प राहिली. हे मला नंतर कळलं, आणि ज्या शिकवणीनं तिला असं वाटायला लावलं तिचा मला इतका संताप आला की आजही येतो.

महालक्ष्म्यांना मी अकोल्याला गेले. घरात धूप होता, फुलोरा होता, सोळा भाज्यांचा घमघमाट होता, आणि त्या सगळ्याच्या खालून एक वेगळा वास येत होता. बाई पायाला सुती फडकं गुंडाळून चुलीपुढे उभी होती. अनवाणी. मी खाली बसले आणि फडकं सोडलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं काळी पडली होती.

"दुखत नाही वं मले," ती मला समजावत होती. "खरंच नाही दुखत."

नैवेद्य व्हायचा होता. भाऊजी म्हणाले, देवी घरात आहेत, सवाष्णी जेवल्या की निघू. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवींसमोर बोलले, सवाष्णींसमोर बोलले, आणि मला त्याचा काडीचा पस्तावा नाही. रिक्षा बोलावली आणि बाईला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, कशानं भाजलं? बाई पटकन म्हणाली, "गरम पाण्याचा गंज उलटला पायावर." भाऊजी बाजूला उभे होते. आयुष्यभर कोर्टात खरं काय अन् खोटं काय यावर भांडलेला माणूस तिथे भिंतीवरचा तक्ता वाचत राहिला. शेवटी मीच सांगितलं.

दोन्ही बोटं काढावी लागली. पाय वाचला. पाय वाचला म्हणून लोक पेढे मागायला आले, आणि बोटांबद्दल कुणी बोललं की भाऊजी उठून गॅलरीत जाऊ लागले.

आणि तो व्हिडिओ? तो फिरतच होता. बाई खाटेवर पडलेली असताना ग्रुपवर कुणा सुनेनं विचारलं होतं, तूप किती अन् हळद किती, आमच्या सासूबाईंचेही पाय बधिर आहेत. मी भाऊजींना म्हटलं, लिहा त्यांना, काय झालं ते लिहा. त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, पण लिहिलं नाही.

"लोक काय म्हणतील? मी प्रेमानं केलं होतं," ते म्हणाले.

"प्रेमानं भाजलं तरी भाजतेच, भाऊजी," मी म्हटलं.

ते माझ्याशी बोलेनासे झाले. मीही गेले नाही. दिवाळी तशीच गेली. मग एक दिवस बाईचाच फोन आला की ये. गेले तर ती दिवाणावर बसली होती, पायावरचं फडकं काढून. भाऊजी समोर, मान खाली घालून.

"तुमी तं व्हिडिओ काढून टाकला," ती त्यांना म्हणत होती, "पन लोकायच्या फोनातून कोन काढन? त्या बाईची सासू आहे ना तिकडे? तिच्या पायाले कोनी तूप लावन तं? मले बोलाचं आहे. तुमाले नसन बोलाचं तं नका बोलू. पाय तेवढा धरा, लोकायले बराबर दिसला पाह्यजे."

जिनं डॉक्टरपुढे खोटं सांगून त्यांना झाकलं होतं, तीच हे बोलत होती. भाऊजींनी खुर्ची मागे सारली. मग खाली बसले आणि त्यांनी तो पाय पुन्हा मांडीवर घेतला. मी फोन धरला. बाई सावकाश बोलली, कुणाला दोष दिला नाही. म्हणाली, "मले चटका समजत नव्हता, म्हनून मी चांगलं वाटते म्हन्लं. ज्याले साखर आहे, ज्याचे पाय बधिर आहेत, त्यायनं असं काही शेकू नका, घरचं औषध लावू नका. फोड आला तं त्याच दिवशी डॉक्टरले दाखवा. हे पाहा माह्यं काय झालं." भाऊजी बोलणार नव्हते, पण शेवटी एवढं म्हणाले, "चूक माही आहे."

त्या तीन शब्दांसाठी मी त्यांना बरंचसं माफ केलं. व्हिडिओ ग्रुपवर गेला. आम्ही तिघं फोनभोवती बसून राहिलो. आधी जोडलेले हात आले, मग रडके चेहरे. मग पहिला लिहिलेला निरोप आला. बाईनं चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला.

"काकू, काळजी नका करू. जखमेवर लिंबाचा रस अन् मध लावा. दोन दिवसात फरक पडते. आमच्या घरी सगळ्यायले गुण आला."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले. बाईनं चष्मा काढला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी बोलून पाह्यलं. आता तू लिहून पाह्य."