सूर्यपूजा, पडद्याआड

गच्चीवर काही वाळत घातलं की राखणीला माणूस लागतं, आणि राखणीला बाई कधी एकटी बसत नाही. दुसरी येते. तिसरी "जरा टेकते हं" म्हणते आणि दोन तास टेकते. कावळे कुरडया पळवतात, गोष्टी मात्र कोणी पळवत नाही. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुरडया गणपतीपर्यंत संपायच्या आणि किस्से साठून राहायचे.

हे सगळं ऐंशी सालानंतरच्या दहा वर्षांतलं. चार मजले, लिफ्ट नाही, आणि आम्ही काही बायका रविवारच्या, म्हणजे आदित्याचं व्रत करणाऱ्या. सूर्यनारायणाच्या अगदी जवळच्या! किती जवळच्या, तेच सांगते.

* * *

श्रावणातला रविवार. पूजा माझ्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. विड्याच्या पानावर रक्तचंदनाने सूर्य काढला, सहा पदरी दोऱ्याला सहा गाठी मारल्या. शेजारी तळमजल्यावरची नलू आणि सेक्रेटरी जोशीकाकांच्या मालतीकाकू. व्रत मौनाचं, त्यामुळे सगळं खाणाखुणांनी.

आठ दिवसांच्या पावसानंतर नेमकं तेव्हाच ऊन पडलं आणि खिडकीतून थेट आमच्या तोंडावर आलं. मालतीकाकूंनी कपाळाला आठ्या घालून खिडकीकडे बोट केलं. मी उठून पडदा ओढला. मग पानावरचा सूर्य दिसेना, म्हणून ट्यूबलाइट लावली.

दारातून भागी कोळीण बघत होती. साठी उलटलेली, डोक्यावर पाटी घेऊन चौथ्या मजल्यावर बोंबील देऊन उतरत होती.

"काय गो बायांनो," ती म्हणाली, "देवाला घरान बोलवताव, नि देव दारान आला का परदा लावताव?"

आम्ही तिघींनी आधी पडद्याकडे बघितलं, मग ट्यूबलाइटकडे.

* * *

मालतीकाकूंची भारती तेव्हा लग्नाची. कल्याणजवळच्या मोहन्याचं स्थळ सांगून आलं, तशी काकूंनी महिनाभर मुलीला उन्हाची बंदी केली. सकाळी सात वाजता दूध आणायला जायचं तर छत्री! गल्लीतली पोरं आकाशाकडे बघायची, पाऊस आला की काय म्हणून. वर बेसन, वर दही, वर काकडीचा कीस. पोरीची कोशिंबीर करायची तेवढी राहिली होती.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई भारतीकडे टक लावून बघत होती. काकू खूश. मग ती बाई काकूंच्या कानाशी लागली.

"मुलगी छान आहे हो. पण पिवळी दिसते. अलीकडे कावीळ वगैरे झालेली का?"

स्थळ गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भारती गच्चीवर बिनछत्रीची, चिंचेला मीठ लावून खात बसलेली.

"अगं काळी होशील!" काकू ओरडल्या.

"होऊ दे. पिवळीपेक्षा बरी!"

* * *

जोशीकाका म्हणजे अर्धवट ज्ञानाचे पूर्णवेळ सेक्रेटरी. त्यांना कोणा साधूने सांगितलं, की उगवत्या सूर्याकडे एकटक बघितलं की चष्मा सुटतो. झालं! रोज पहाटे गच्चीवर. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा. "उगवत्या" हा शब्द त्यांनी चौथ्या दिवशीच सोडून दिला, कारण रविवारी ते उठलेच साडेआठला.

मी भीत भीत म्हटलं, "काका, सूर्याला खाली मान घालून अर्घ्य द्यायचं असतं हो. डोळे वटारायचे नसतात."

"वहिनी, हे योगशास्त्र आहे. तुमच्या कहाण्यांत नाही सापडायचं."

दोन आठवड्यांनी त्यांना पेपरात प्रत्येक बातमीच्या मधोमध काळा डाग दिसायला लागला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आतला पडदा भाजलाय, डाग जाईल किंवा राहीलही. काका खचले. आम्ही समाचाराला गेलो तर मालतीकाकू शांतपणे वाटाणे सोलत होत्या.

"काय म्हणतायत काका?" मी विचारलं.

"काय म्हणणार! पंचवीस वर्षं माझ्यात डाग शोधत होते. आता जिकडे बघतील तिकडे आहे!"

* * *

आता नलूचं. नलू छत्तीस वर्षांची. तिचं घर तळमजल्यावर मागच्या अंगाला, आणि समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, इतकी जवळ की त्यांनी फोडणी टाकली की हिला शिंक. तिथे ऊन कोणी बघितलेलं नव्हतं. बारा वर्षं बाई त्याच घरात. नवरात्राच्या सुमाराला ती भिंत धरून चालायला लागली. माझ्याकडे पूजेला यायचं तर दोन जिने चढताना डोळ्यांतून पाणी.

तिचे मिस्टर वसंतराव तिला ठाण्याला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोबत सासूबाई अक्का आणि मी. डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं आणि विचारलं, "ह्यांना ऊन मिळतं का?"

"मिळतं की," अक्का म्हणाल्या. "गॅलरीत कपडे वाळतात."

"कपड्यांचं नाही विचारलं, आजी."

हाडं मऊ पडली होती. औषधाच्या पुड्या दिल्या, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, आणि सांगितलं, रोज सकाळी अर्धा तास उन्हात बसायचं, हात-पाय उघडे ठेवून. हे नीट केलं तर सुधारेल, नाही केलं तर काठी कायमची.

"पाय उघडे?" अक्कांना घाम फुटला. "सून आहे ती माझी! आणि काळी पडली म्हणजे?"

"आजी, गोरी सून अंथरुणात हवी की सावळी स्वयंपाकघरात?"

अक्कांनी घरी येईपर्यंत विचार केला आणि तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी नलू स्वयंपाकघरात बसलेली, ट्यूबलाइटखाली. "प्रकाश तो प्रकाश," अक्का म्हणाल्या. नलूकडून आमच्या पूजेचं ऐकून शिकल्या असाव्यात!

नलू मला हळूच म्हणाली, "वहिनी, मला वर जायचंय. बाकी काही नको, मला माझ्या पायांनी जाता-येता आलं पाहिजे."

वसंतरावांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसच्या आधी ते तिला वर न्यायला लागले. एक पायरी, थांब. एक पायरी, थांब. पंचेचाळीस मिनिटं! एका हातात काठी, दुसरा हात त्यांच्या खांद्यावर. मग मी नाहीतर मालतीकाकू तिच्यासोबत बसायचो, गच्चीचं दार आमच्या बाजूने लावून. वसंतरावांचे लेट मार्क ऑफिसात गाजले.

* * *

उन्हाचे गुण एकदा कळल्यावर मी मागे राहते की काय! मी हिशोब केला, अर्ध्या तासात हाडं सुधारतात, तर दोन तासांत नलूच्या वाटणीचंही पुण्य पदरात पडेल. ऑक्टोबरचा रविवार, अळणी उपास, भर दुपारी बारा वाजता मी गच्चीवर अनवाणी उभी, तोंडाने सूर्याची नावं.

विसाव्या नावापर्यंत नीट आठवतंय. त्यानंतर आठवतोय तो मालतीकाकूंचा फळीवरचा कांदा, माझ्या नाकाला लावलेला.

आमच्या ह्यांनी फॅमिली डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांनीच सगळं बोलून घेतलं. मीठ-साखरेचं पाणी माझ्या हातात देत म्हणाले, "बाई, देवाने ऊन सगळ्या जगासाठी दिलंय. तुम्ही एकटीने संपवायचं नाही!"

* * *

पौषापर्यंत नलूचं दुखणं पुष्कळ उतरलं. भीती मात्र उतरेना. डॉक्टर म्हणाले, आता काठी सोडून बघा. ही म्हणायची, "पडले तर?" काठीही तशीच, खांद्यावरचा हातही तसाच.

त्यात एक अडचण. सहा दिवस गच्ची आमची, रविवारी पुरुषांची. रविवारी सकाळी टीव्हीवर देव यायचे, आणि देव नीट दिसावेत म्हणून सगळे पुरुष अँटेना फिरवायला वर. म्हणजे सूर्याच्या वारीच नलूला सूर्य नाही!

पौषातल्या दुसऱ्या रविवारी ती हटून बसली. "आज तरी मला ऊन पाहिजे."

मग आम्ही डोकं चालवलं. गच्चीवरच्या तारांवर चारी बाजूंनी ओल्या साड्या वाळत घातल्या. मधे छान खोली झाली, छत नसलेली. वसंतरावांनी नेहमीसारखं पायरी-पायरीने तिला आणून आत खुर्चीवर बसवलं. मी शेजारी सतरंजीवर. काठी माझ्याकडे.

थोड्या वेळाने साडीपलीकडे जोशीकाकांचा आवाज. "वसंतराव, मुंग्या आल्यात मुंग्या! पाच मिनिटांत सुरू होईल!"

वसंतरावांनी आपल्या टीव्हीच्या अँटेनाचा पाइप धरला आणि कठड्यावरून खाली हाक मारली. "अक्का, आलं का?"

अक्कांचा आवाज एरवी कल्याणला ऐकू जाईल. त्या दिवशी नेमका घसा बसलेला. खालून नुसती शांतता.

"काका, जरा खाली जाऊन सांगता का?"

"मी सेक्रेटरी आहे, निरोप्या नाही!"

मी जायला म्हणून पदर खोचला, तर खुर्ची रिकामी. नलूने साडी पायांवर ओढली, तारेवरची ओली साडी बाजूला केली आणि बाहेर गेली. काठी माझ्या मांडीवरच.

"अगं, थांब—" वसंतराव म्हणाले.

"तुम्ही पाइप सोडू नका हं! मी बघते."

जिन्यात चपला वाजल्या. तिसरा मजला. दुसरा. मी सूर्यनारायणाचं नाव घ्यायला लागले आणि मधेच विसरले.

मग खालून, अंगणातून, खणखणीत आवाज. "अहोऽऽ! डावीकडे! अजून थोडं डावीकडे!"

वसंतरावांनी पाइपकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि पाइप चांगला उजवीकडे फिरवला.

"अहो गेलं! होतं तेही गेलं!" खालून नलू.

"डावीकडे म्हणतायत त्या!" जोशीकाका थयथयाट करायला लागले. "डावं-उजवं कळत नाही का तुम्हाला?"

वसंतराव पाइप घट्ट धरून उभे. हलायला तयार नाहीत.

जिन्यात पुन्हा चपला वाजल्या. पहिला मजला, दुसरा, तिसरा. मग दारात नलू, धापा टाकत, चेहरा लालबुंद, आणि दोन्ही हात कमरेवर!

"डावीकडे म्हणून ओरडतेय ना मी केव्हाची! ऐकू येत नाही का?"

वसंतरावांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"नाही गं आलं ऐकू," ते म्हणाले. "पुन्हा एकदा खाली जाऊन सांगतेस?"