मागितली चौपाल, मिळाली चौपाटी

कुडव्यातली आमची गल्ली अशी की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकाला मागे सरकावे लागते, आणि आमच्याकडे मागे सरकणारा माणूस अजून जन्मायचा आहे. त्यामुळे रोज संध्याकाळी हॉर्नची जुगलबंदी चाले. या मैफलीत एकच श्रोता असे. समोरच्या घरातले काकाजी, एसटीचे निवृत्त कंडक्टर. काकी गेल्यापासून ते कडुनिंबाखाली एकटेच बसत. मी दुकानातून लवकर सुटलो, तर दोघे.

दिवाळीत त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि त्याने सरळ सांगितले, पुढच्या दिवाळीपर्यंत तुमच्यासोबत बसणारी माणसे दाखवा, नाहीतर माझ्यासोबत चला. काकाजींना जायचे नव्हते. मग मी ठरवले, गल्लीच बदलून टाकू. संध्याकाळी गाड्या बंद, खाली फरशी, कडुनिंबाभोवती बसायला ओटा. घरोघरी जाऊन मी हे असे वर्णन केले की ऐकणाऱ्याला तिथेच थंड वारा लागावा. मला नाटकात कोणी घेतले नाही, हे झाडीपट्टी रंगभूमीचे दुर्दैव.

ओट्याला ‘पार’ म्हणावे असे मी सुचवले. पण अर्धी गल्ली हिंदी बोलणारी. कोपऱ्यावरच्या भाभींनी विचारले, “पार मतलब, किसके पार?” म्हणून हिंदी गावांत माणसे जमून बसतात ती ‘चौपाल’ ठरली.

वॉर्डाच्या मेंबरसाठी आम्ही माइक लावला. मी चौपालवर बोललो, डोळ्यांत पाणी आणून बोललो. त्याने लाल फीत नसतानाही कापल्यासारखा हात फिरवला आणि माइकमध्ये म्हणाला, “तुमची चौपाटी मंजूर!” आम्ही टाळ्या वाजवल्या. मीच सर्वांत जोरात. जीभ घसरली असेल, असे वाटले.

जीभ अजिबात घसरली नव्हती; त्याला खाऊगल्लीच करायची होती. ओट्याऐवजी खाण्याच्या हातगाड्यांसाठी चौकोन आखले गेले, दिव्यांच्या माळा आल्या, फरशी तर फारच सुंदर बसवली. दुचाकी खरोखरच बंद झाल्या. मग आले चायनीजवाले, पाणीपुरीवाले, डोसेवाले. मी मेंबरकडे गेलो, फरक समजावला. तो म्हणाला, “भाऊ, लोक बसतात ना? मग?”

लोक बसत होते. स्टूल गाडीवाल्यांचे होते, त्यामुळे प्लेट घेतल्याशिवाय बसता येत नसे. काकाजी दोन दिवस मंच्युरियन घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी पोट बिघडले. भाभी तेलाच्या वासाने खिडक्या लावून घेऊ लागल्या. पूर्वी दारात उभे राहून भाजी निवडणाऱ्या बायाही आत गेल्या. काकाजी आता घराच्या आत, दार ओढून बसत. बाहेरच्या गर्दीत मला त्यांच्या दारापर्यंत पोचायलासुद्धा “जरा सरका” म्हणावे लागे.

ठरल्याप्रमाणे पुढच्या दिवाळीला मुलगा आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला. दिवे, लेकरे, वाफा, गोंगाट. तो खूश झाला. आत येऊन म्हणाला, “बाबा, इथं तर जत्राच आहे. तुम्ही जिंकलात, राहा.”

काकाजींच्या वतीने मीच पटकन हो म्हटले. आयुष्यात पहिल्यांदाच चुकीच्या गर्दीचा मला फायदा होत होता आणि तो मी सोडणार नव्हतो.

काकाजी मात्र बॅगेत कपडे भरत होते. मी म्हटले, अजून थोडे थांबा, हे बदलता येईल, मी पुन्हा सांगून पाहतो.

“कायले थांबू?” ते म्हणाले. “गल्ली भरून माणसं बसून राहिली, पण त्यातला एकही मले ओळखत नाही. तिकडंही तेच असन. तिथं निदान पोरगा तं आहे.”

मुलाने वाकून बॅगेची चेन लावली. मी ती उचलून “जरा सरका” म्हणत गर्दीतून गल्लीच्या तोंडापर्यंत नेली.

त्यांच्या दाराला कुलूप लागल्यावर पायरीवर एका मोमोवाल्याने आपले टेबल मांडले. भाभींनी खिडकीतून मला खूण केली, हटवा ना त्याला. मी हात वर करून हसलो आणि दुकानात निघून गेलो. हटवून तिथे बसवणार कोणाला?